पाहुण्याचं बटण

सत्तावीस मार्च, शुक्रवार. ऑफिसातून हाफ डे घेऊन टीव्हीच्या मागच्या वायरी पुसायला घेतल्या आहेत. उद्या संध्याकाळी क्रिकेटचा सीझन सुरू होतो आणि उद्या पहाटेच्या गाडीने माझे दीर सुरेश भावजी आबांना साताऱ्याकडच्या गावाहून इथे, जुईनगरला, घेऊन येणार आहेत. आबा म्हणजे माझे सासरे. दर वर्षी ते सीझनबरोबर आमच्याकडे येतात आणि सीझन संपला की गावी जातात. म्हणून दर वर्षी याच सुमाराला मी टीव्हीचं युनिट पुढे ओढते, मागची धूळ काढते, केबलचं रिचार्ज बघते, रिमोटचे सेल बदलते.

काम तेच आहे. या वर्षी हात मात्र नीट चालत नाही. एकच वायर मी दोनदा पुसली. आबांना आणावं की आणू नये हे आमचं अजून ठरलेलं नाही, आणि तिकडे त्यांची पिशवी भरून झाली आहे.

युनिट ओढलं तेव्हा बाजूच्या फळीवर तळहाताएवढा चौकोन दिसला. भोवतीचं सनमायका मळून पिवळं पडलंय, तेवढा तुकडा मूळ रंगाचा राहिलाय. कडेला डबल टेपचा चिकट काळा मळ. दोन वर्षांपूर्वी तिथे मीटर होता. मी नखाने टेप खरवडायला बसले आणि बसूनच राहिले.

मीटर घरात आहे हे तेव्हा कुणाला सांगायचं नव्हतं, तशी अटच होती. आता तो गेला, म्हणून लिहायला हरकत नाही. अमुक सामना इतक्या कोटी लोकांनी बघितला, असं पेपरात येतं. ते कसं मोजतात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. वरून कुठूनतरी दिसत असेल असं धरून चालले होते. वरून काही दिसत नाही. काही ठरावीक घरांत टीव्हीला एक डबी जोडतात आणि ती घरं काय बघतात त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधतात. त्या अंदाजावर जाहिरातींचे भाव ठरतात, आणि त्या भावांवर सामने दाखवण्याच्या हक्कांची बोली लागते. एवढा मोठा डोलारा, आणि त्याच्या खाली कुठेतरी आमच्या हॉलमधला सोफा.

टीव्ही लावला की डबीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागायचा. समोर कोण बसलंय ते कळवल्याशिवाय थांबायचा नाही. त्यासाठी वेगळा छोटा रिमोट दिला होता. एक नंबर माझे मिस्टर, दिलीप. दोन मी. तीन आमची मुलगी प्राची. तेव्हा बारावीची परीक्षा देऊन घरी लोळत होती. चार आबा. बसताना आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. सगळ्यात खाली एक निराळं बटण होतं. त्यावर आकडा नव्हता, माणसाचं चित्र होतं. ते पाहुण्यांसाठी.

मीटर बसवायला आलेला माणूस बोलका होता. म्हणाला, "आजोबा, तुमच्या एका घरावरून हजारो घरं धरतात."

"म्हंजे मी मुतायला उठलो की हजारो मान्सं मुतायला उठली?"

प्राची तोंडावर उशी दाबून हसायला लागली. तो माणूस न हसता म्हणाला, "बटण दाबून उठलात तर हो."

"आन् न दाबता उठलो तर?"

"तर हजारो माणसं मॅच बघत बसलेली दिसणार, आणि खरं तर सोफा रिकामा."

आबा गंभीर झाले. आयुष्यभर ते वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये तोलणार होते. गोण काट्यावर चढली की वजन बघून मोठ्याने पुकारायचं, हे त्यांचं काम. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचा विश्वास आबांच्या गळ्यावर. "काट्यावर पाय ठिवायचा न्हाय," हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलंय की प्राचीने लहानपणी त्याचा अर्थ वजनकाट्यावर उभं राहायचं नाही असा घेतला होता. मीटर म्हणजे काटाच, हे आबांनी ओळखलं आणि त्याच दिवशी घरात मार्केटची शिस्त सुरू झाली.

"दिलप्या, उठलास न्हवं? मग दाब की."

"आबा, मी फक्त पाणी प्यायला गेले होते," प्राची म्हणायची.

"मग पानी पिताना म्याच बघत हुतीस का? भिंतीतून दिसतंय तुला?"

आबांची वाटणी सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला झाली होती. वाटणी हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण दोन भाऊ ओट्यावर बसले आणि चहा होईपर्यंत ठरलं. भावजींची गावात पिठाची गिरणी आहे. ते आणि त्यांची बायको रूपाली दिवसभर घरात, जाणारं-येणारं माणूस सतत दारात. आमच्याकडे मी आणि दिलीप दोघंही सकाळी बाहेर पडतो. सरळ होतं, आबा गावीच राहणार. पण आबा स्वतःच म्हणाले, "उन्हाळ्यात गावाला ऐन म्याचच्या टायमाला लाइट जाती. म्याच चालू झाली की मी जुईनगरला. पाऊस पडला की परत."

प्राचीने लगेच जाहीर केलं, "ऐका! आबांचे राइट्स डिव्हाइड झाले. समर सीझन पप्पांकडे, बाकी सगळं काकांकडे. डिजिटल राइट्स माझ्याकडे, कारण व्हिडिओ कॉल मीच लावून देते."

सगळे हसले. आबाही हसले. वाटण्या एवढ्या हसतखेळत होत नाहीत. मला त्याचंच बरं वाटलं होतं.

सीझन म्हटलं की मला खेळ आठवत नाही. मला क्रिकेटमधलं विशेष काही कळत नाही. आठवतो तो बिल्डिंगमधला आवाज. संध्याकाळी खिडक्या उघड्या असतात, खाडीकडून दमट वारा येतो, जिन्यात मार्केटमधून आणलेल्या आंब्याच्या पेट्यांचा आणि समोरच्या म्हात्रे काकूंच्या सुक्या बोंबलांचा मिळून एक वास असतो. आणि चौकार एकदम होत नाही. तो मजल्यामजल्याने होतो. केबलवाल्या घरांत आधी आरडाओरडा, डिशवाल्यांकडे त्याच्या मागून, मोबाइलवर बघणाऱ्यांकडे सगळ्यात शेवटी, जेव्हा बाकीचे पुढच्या चेंडूला लागलेले असतात. एकच फटका अख्ख्या बिल्डिंगला फिरून येतो. आबांना याची गंमत वाटायची. आमचं केबल. खालच्या मजल्यावरून उशिरा ओरडा आला की म्हणायचे, "आत्ता पोचलं बघ ह्यांच्याकडं. एसटीनं आलं वाटतं."

ज्या वर्षी मीटर होता, त्या वर्षी हक्कांचा फार गोंधळ झाला. टीव्हीवर दाखवायचे हक्क एकाकडे, मोबाइलवरचे दुसऱ्याकडे. त्यात केबलवाल्याने चॅनलचे नंबर बदलले. सोसायटीच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी तोच प्रश्न, मॅच कुठे दिसतेय? आबा जुनाच नंबर दाबायचे आणि तिथे कुस्ती लागायची. "हितंच तर असती म्याच," म्हणून रिमोट आपटायचे. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. कसं देणार? अख्खी बिल्डिंग तेच करत होती. पंचवीस वर्षं बँकेत काढलेले खालचे काकाही दोन दिवस कुस्तीच बघत होते.

मी तुर्भ्याला एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात आहे. कुठला माल कुठल्या खोलीत ठेवलाय ते सांभाळणं हे माझं काम. एका दुपारी तिथे फोन आला. मीटरच्या ऑफिसातली मुलगी होती.

"मॅडम, तुमच्याकडे रोज दुपारी पाहुणे येतात का?"

"कोण पाहुणे?"

"म्हणजे घरचं कुणी नसताना एक पाहुणा टीव्ही बघताना दिसतो. एकटाच. बराच वेळ. चार नंबरचे सदस्य तेव्हा घरात नसतात का?"

प्राची कसल्याशा क्लासला गेलेली. आबा घरात एकटे. आणि कुणीतरी माणूस रोज दुपारी माझ्या सोफ्यावर येऊन बसतो. कोण? इस्त्रीवाला? जिन्यात गुटखा खात उभी असणारी ती मुलं? आबांना कुणी गोड बोलून सह्या घेतल्या तर? गावाकडच्या जमिनीपासून कपाटातल्या पाटल्यांपर्यंत सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. आबांना फोन लावला. वाजत राहिला. मग समोरच्या म्हात्रे काकूंना लावला. त्या मूळच्या जवळच्याच बोनकोडे गावच्या, लग्नानंतर इकडे आलेल्या. मीटरचं सांगायचं नव्हतं, त्यामुळे विचारू काय हेच सुचेना.

"काकू, जरा आमच्याकडे डोकावता का? आबा फोन उचलत नाहीत."

"थांब गो." चपलांचा आवाज, बेल, दार. मग काकू पुन्हा फोनवर. "बरा हाय तुजा सासरा. टीवी मोठा केलाय, त्यान फोन काय ऐकाला येनार? मना म्हनतो, बस, चा पी."

"आणखी कोण आहे घरात?"

"कोन नाय."

"कुणी येऊन गेलं का दुपारी?"

"कोन येनार गो? मी दारानच बसलेली हाय मच्छी साफ करत. मांजर पन नाय आयली." मग आवाज खाली आणून, "का गो? काय चोरीला गेला काय?"

त्या दिवशी तुर्भे ते जुईनगर एवढासा रस्ता संपता संपेना. घरी पोचले तर आबा एकटे, बनियनवर, पाय वर घेऊन जुनी मॅच बघत होते. डबीवर दिवा स्थिर. डबीच्या छोट्या स्क्रीनवर चार नव्हता. माणसाचं चित्र होतं.

मी चहा केला. त्यांच्या हातात कप दिला आणि मगच विचारलं, "आबा, तुमचं बटण चार नंबर. तुम्ही पाहुण्याचं का दाबता?"

आबांनी कपातून वर बघितलं. एक क्षण नजर कुठेच नव्हती. मग मिशीत हसले.

"मग? मी पाव्हणाच हाय की. चार दिस इकडं, चार दिस तिकडं. पिशवी तर तशीच भरल्याली असती. काट्यावर खोटं वजन घालू व्हय?"

टोमणा होता, आणि बरोबर बसला होता. आबांची पिशवी खरंच खुंटीला असायची. मी त्यांचे धुतलेले कपडे घडी करून त्या पिशवीवर ठेवायची, कपाटात नाही. कधी तसा विचारच केला नव्हता.

संध्याकाळी हे ऐकल्यावर दिलीप गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग त्यांनी सुरेश भावजींना फोन लावला आणि दोघा भावांची चांगलीच जुंपली. तू कधी तोडून बोललास का, तुझ्या बायकोने काही म्हटलं का, मग म्हाताऱ्याच्या डोक्यात हे आलं कुठून. शेवटी दिलीपनी जाहीर केलं की आबा कुठेही जाणार नाहीत, यापुढे इथेच राहणार. मी कपाटातला एक कप्पा रिकामा केला. पिशवी धुऊन माळ्यावर टाकली. रूपालीने दोन दिवसांनी मला फोन केला आणि रडली. "ताई, आम्ही कधी पाव्हण्यासारखं वागवलं न्हाई त्यांना."

एका शब्दाने आम्ही सगळे आठवडाभर हललो होतो. फक्त आबा मजेत होते.

पुढच्या रविवारी दुपारची मॅच होती. दिलीप आत आमरस काढत होते, प्राची त्यांना मदत करण्याच्या नावाखाली बाठे चोखत होती. हॉलमध्ये मी आणि आबा. टीव्ही लागला, दिवा लुकलुकायला लागला. मी माझं बटण दाबलं आणि तो छोटा रिमोट त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो हातात धरला. अंगठा एका बटणावर गेला, तिथून दुसऱ्यावर, परत मागे. दिवा लुकलुकत होता. आबांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, आणि तिकडे ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाले,

"मंगल, ह्यातलं माझं कंचं?"

"चार," मी म्हटलं.

अंगठा हलला नाही. चार कुठला हेही दाखवावं लागलं. बोट धरून दाखवलं. दाबल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला, अवघड काहीतरी उरकल्यासारखा.

"आकडं समदं सारकंच दिसत्यात," ते म्हणाले. "ह्यो एक तेवढा मानूस हाय. मी मानूस, म्हून मानसाचं दाबत हुतो."

म्हणजे टोमणा नव्हता. टोमणा नंतर सुचला होता, मी विचारलं तेव्हा, झाकायला. त्यांच्यासारख्या हजरजबाबी माणसाला तेवढं सहज जमलं. गोणींची वजनं पुकारत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्याकडून चारचा आकडा निसटला होता. आणि आम्ही दोन घरं त्यांच्या मनाला काय लागलं याचा शोध घेत भांडत होतो.

टोमणा असता तर फार बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. अजून वाटतं. टोमण्यावर काहीतरी करता येतं. कप्पा रिकामा करता येतो.

दुसऱ्या दिवशी मी दोन फोन केले. एक नेरूळच्या डॉक्टरांना. दुसरा मीटरच्या ऑफिसात. "आमच्याकडे चार नंबरचं बटण यापुढे खरं दाबलं जाईलच असं नाही," मी सांगितलं. ती मुलगी म्हणाली, तुम्ही आजोबांच्या वतीने दाबत जा ना. मी म्हटलं, दुपारी मी घरात नसते, आणि आमच्याकडे तसं चालत नाही. काही दिवसांत माणूस येऊन डबी काढून घेऊन गेला. फळीवर चौकोन राहिला.

डॉक्टरांनी काही तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली. हे वाढत जाणार. गोळ्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे जागा बदलू नका. माणसाला आठवत नाही तेव्हा पायांना आठवतं. एकच घर ठेवा.

एकच घर म्हणजे कुठलं, ते त्या पावसाळ्यात आपोआप दिसलं. दिलीप इथेच राहा म्हणत असताना आबा हट्टाने गावी गेले आणि तिथे त्यांना मोरी, गोठा, गिरणी, पार सगळं न विचारता सापडत होतं. तरी गेल्या वर्षी सीझन आला आणि ते म्हणाले, चला. आम्ही आणलं. येतो म्हणणाऱ्या बापाला नको कसं म्हणायचं?

गेल्या वर्षीचा तो सीझन मला पुन्हा नको आहे. पहिल्याच दिवशी आबा हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि बाथरूम स्वयंपाकघरात शोधू लागले. मागचं अंगण समजून फ्लॅटचं दार उघडायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत. ऑफिसात फोन वाजला की मी आधी नंबर बघायची. दोनदा म्हात्रे काकूंनी त्यांना जिन्यातून परत आणलं, एकदा खाली गेटपर्यंत गेलेले. "माजे कडे बसलेत आबा, तू कामावरशी धावत येव नको," असा काकूंचा मेसेज आला की मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवायची.

आणि मॅच. प्राचीने त्या वर्षी टीव्हीला मोबाइलचं ॲप जोडलं होतं, स्वस्त पडतं म्हणून. त्यामुळे आम्ही बिल्डिंगमध्ये सगळ्यात मागे. काकूंकडे ओरडा व्हायचा, आणि आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पुसत असायचा. मग तो धावायचा, चौकार जायचा, आणि आबा शांतपणे म्हणायचे, "ह्ये झालंय. मी बघितलंय ह्ये."

"आबा, लाइव्ह आहे!" प्राची सांगायची.

"झालंय गं पोरी."

शेजारचा आवाज ऐकून बोलत होते की खरंच त्यांना सगळं होऊन गेल्यासारखं वाटत होतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे पुढे त्यांनी चॅनल विचारणंही सोडलं. आणि गावी परत गेल्यावर पंधरवडाभर तिथलीही मोरी सापडेना.

म्हणून या वर्षी आम्ही गप्प होतो. कुणी विषय काढायचा नाही, सीझन आला तसा निघून जाईल. पण गावी टीव्हीवर जाहिरात लागली. ते सीझनचं म्युझिक असतं ना, ते वाजलं.

"वैनी," सुरेश भावजींचा फोन, "म्युझिक वाजलं आन् आबा उठून पिशवी शोधाय लागले. रोज भरतेत. रूपाली रोज रिकामी करतीय. परवा त्या पिशवीत दोन टॉवेल आन् गिरणीतलं माप घातलं हुतं. जायचं जायचं, म्याच चालू झाली म्हनत्यात. मी काय करू सांगा. जबरदस्तीनं अडवू?"

पाहुण्याच्या बटणावरून झालेलं भांडण भावजींच्या अजून लक्षात आहे. अडवलं तर ते आबांना कोंडतात, पाठवलं तर ते आबांना ढकलतात, असंच म्हटलं जाणार. शेवटी त्यांनी तिकिटं काढली. शनिवारी पहाटेची गाडी.

हे आठवत बसले होते, तेवढ्यात दिलीप मार्केटमधून आले. मी अजून वायरींपाशीच होते. त्यांनी येतानाच आबांना आवडतात ती खारी आणली होती.

"त्यांचा पलंग खिडकीशी लावू या," ते म्हणाले.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"माहीत आहे मला. पण ते येतो म्हणतायत, मंगल. मी मोठा मुलगा. आता मी नको म्हणू? त्यांना काय वाटेल?"

प्राची फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "पप्पा, काय वाटलं ते त्यांना दुसऱ्या दिवशी आठवणार पण नाही."

दिलीपनी खारीचा पुडा ओट्यावर ठेवला आणि ते आत गेले. प्राचीने माझ्याकडे बघितलं. "मी बरोबर बोलले ना?"

"बरोबर बोललीस," मी म्हटलं. "आता जा आणि त्यांना चहा दे."

मी खोबरेल तेल आणलं आणि टेपचा मळ घासायला लागले. तेलाने तो निघतो, पण वेळ लागतो. आबा उघडायचे ते दार आठवत होतं. बाहेरून कडी लावून ऑफिसला जायचं का? कुणाच्या बापाला आपण बाहेरून कडी लावतो? सुट्टी घ्यायची तर किती? काकूंना किती दिवस सांगायचं? एका बाजूला माणूस पिशवी भरून बसलाय, दुसऱ्या बाजूला त्याला इथे आणलं की तो इथेही हरवणार आणि तिथेही. मळ निघत होता, आणि डोक्यातलं तेच तेच फिरत होतं.

मग त्या हक्कांबद्दल एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. एवढे पैसे मोजून हक्क घेणारे लोक सामना उचलून आपल्या घरी नेत नाहीत. सामना असतो तिथेच असतो. हे लोक आपले कॅमेरे, ट्रक, माणसं घेऊन तिकडे जातात. सीझन आमच्या वाट्याचा आहे, तर त्यासाठी आबांनी उठून आमच्याकडे का यायचं?

टेप पूर्ण निघाला. चौकोन निघाला नाही, तो निघणारही नव्हता. युनिट भिंतीला लावलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी पहाटेच गावी फोन लावला. भावजी निघण्याच्या गडबडीत होते.

"भावजी, निघू नका. आबांना फोन द्या."

खुडबुड झाली. मग आबांचा आवाज. "कोन?"

"मी मंगल बोलतेय, जुईनगरहून. आबा, आज मी तुमच्याकडे येतेय. पाहुणी. तुमच्या घरी मॅच बघायला."

फोन कट झाला की काय म्हणून मी बघितलंसुद्धा. मग आबा फोनपासून लांब, दुसऱ्याच कुणाला ओरडून सांगताना ऐकू आले. आवाज मार्केटमधला होता, वजन पुकारायचा.

"सुऱ्या, ती पिशवी आत ठिव! घरात पाव्हणी यायची हाय, आन् आपुन कुठं निघालो?"

दिलीपना उठवलं, सांगितलं, शर्ट घाला, आपण जातोय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता उठले. आम्ही पोचेपर्यंत येणारी पाहुणी कोण हे आबांच्या लक्षात राहील की नाही, मला माहीत नाही. पाहुणी यायची आहे एवढं राहिलं तरी चालेल. तेवढ्यावर ते दाराशी थांबतील. यापुढे जमेल त्या शनिवारी तसंच सांगायचं.

रिमोटसाठी आणलेली सेलची नवी जोडी पर्समध्ये टाकली, खारीचा पुडा पिशवीत घेतला, आणि हायवेवर जाऊन साताऱ्याच्या गाडीला हात केला.